हीटर प्लग: दोष प्लगचा की वायरिंगचा?

डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. लासलगावच्या बाजारात कांदा घेऊन निघालेली डिझेल पिकअप अशा पहाटे पुन्हा पुन्हा सेल्फ मारावा लागल्यावर कशीबशी चालू होते, अडखळते आणि पांढरा धूर सोडते. मग सल्ला ठरलेला असतो: हीटर प्लग गेले, चारही बदला. कधी हा सल्ला बरोबर निघतो. पण नवे प्लग टाकूनही दुसऱ्या पहाटे तेच घडते, तेव्हा बिघाड बहुधा प्लगपर्यंत करंट नेणाऱ्या वाटेत असतो. ती वाट न तपासता केलेला खर्च वाया जातो, म्हणून काही समजुती आधी दुरुस्त करायला हव्यात.

गैरसमज १: हीटर प्लग म्हणजे डिझेल गाडीचा स्पार्क प्लग. तो गेला की इंजिन चालू होणारच नाही.

वस्तुस्थिती: डिझेल इंजिनात ठिणगी नसते. साधारण १६ ते २० पट दाबलेली हवा इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिन गारठलेले असेल तर सिलिंडरच्या भिंती ही उष्णता शोषून घेतात. ती उणीव हीटर प्लगचे ८५० अंशांच्या वर तापणारे टोक भरून काढते. जुन्या प्रीचेंबर इंजिनांना ही मदत थंड असताना जवळजवळ दर वेळी लागते. थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी कॉमन रेल इंजिने उन्हाळ्यात बहुतेक वेळा तिच्याविनाही चालू होतात. म्हणून गरम इंजिन चालू होत नसेल तर प्लगमागे लागू नका. डिझेल लाइनमधली हवा, पंप, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन पाहा. थंड इंजिनाचा सेल्फच मंद फिरत असेल तर आधी बॅटरी तपासा.

गैरसमज २: डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा लागून विझला, म्हणजे प्लग तापले.

वस्तुस्थिती: जुन्या गाड्यांत हा दिवा टायमरच्या किंवा कूलंटच्या तापमानाच्या हिशेबाने विझतो. प्लग खरोखर तापला की नाही, हे त्याला कळत नाही. चारही प्लग जळालेले असले तरी तो नेहमीसारखाच विझू शकतो. उलट दिवा विझला म्हणजे प्लगचे काम संपले, असेही नाही. अनेक इंजिनांत धूर आणि खडखड कमी व्हावी म्हणून इंजिन चालू झाल्यावरही प्लग काही वेळ तापत राहतात; हेच पोस्ट-हीटिंग.

गैरसमज ३: प्लगच्या वायरवर टेस्ट लॅम्प पेटला, म्हणजे सप्लाय ठीक आहे.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त दिशाभूल याच चाचणीने होते. १२ व्होल्टचे चार प्लग समांतर जोडलेले आहेत आणि प्रत्येकाचा रोध १ ओहम आहे, असे धरू. चौघांचा मिळून रोध पाव ओहम होतो आणि ते ४८ अँपिअर करंट ओढतात. आता रिलेचे संपर्क जळाल्यामुळे तिथे आणखी पाव ओहम रोध तयार झाला, तर करंट निम्म्यावर येतो. प्लगना १२ ऐवजी ६ व्होल्ट मिळतात आणि उष्णता एक चतुर्थांशच उरते. पण त्याच वायरवर प्लग काढून ५ वॉटचा टेस्ट लॅम्प लावला, तर तो अर्ध्या अँपिअरहून कमी करंट घेतो. त्याच्या वाट्याला फक्त ०.१ व्होल्टची घट येते, म्हणून तो झगझगीत पेटतो. टाकी भरलेली असली तरी नळी चोंदलेली असेल, तर थेंब पडतो पण धार येत नाही, तसेच हे.

म्हणून व्होल्टेज मोजायचे ते प्लग जोडलेले आणि तापत असताना. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे प्लगच्या टर्मिनलला लावा. मीटरवर एक-दीड व्होल्टहून जास्त घट दिसली, तर तीच चाचणी टप्प्याटप्प्याने करा: बॅटरी ते फ्यूज, फ्यूज ते रिले, रिले ते प्लगवरची पट्टी. घट जिथे दिसेल, बिघाड तिथेच आहे. अर्थिंगही असेच तपासा. प्लगला निगेटिव्ह मिळते ते सिलिंडर हेडमधून, त्यामुळे इंजिनाची अर्थ पट्टी गंजली असेल तरी प्लग अर्धवटच तापतात.

गैरसमज ४: मल्टीमीटरची बीप वाजली, म्हणजे प्लग चांगला.

वस्तुस्थिती: बीप एवढेच सांगते की आतली कॉइल तुटलेली नाही. थंड प्लगचा रोध साधारण अर्धा ते दोन ओहम असतो, आणि मीटरच्या वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओहम भरू शकतो. तो वजा केला नाही तर आकडा फसवा ठरतो. खात्रीचा पुरावा करंटचा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर एकेका प्लगच्या वायरला लावा. फक्त एसी मोजणारा इथे कामाचा नाही. १२ व्होल्टचा चांगला प्लग सुरुवातीला साधारण १० ते २० अँपिअर घेतो आणि तापेल तसा आकडा उतरतो. चौघांपैकी एकाचा आकडा वेगळा निघाला, तर तो प्लग सापडला.

गैरसमज ५: प्लग काढून थेट बॅटरीला लावा, लाल झाला की चांगला.

वस्तुस्थिती: जुन्या १२ व्होल्टच्या प्लगला हे एक वेळ चालते. नव्या गाड्यांत ५ किंवा ७ व्होल्टच्या आसपास चालणारे प्लग असतात आणि त्यांचा पुरवठा कंट्रोलर नियंत्रित करतो. त्यांना थेट १२ व्होल्ट दिले तर ते काही क्षणांत जळू शकतात. प्लगवर छापलेले व्होल्टेज वाचल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

गैरसमज ६: स्कॅनरवर सिलिंडरचा कोड आला, म्हणजे त्याचा प्लग गेला.

वस्तुस्थिती: पी०६७१ हा कोड पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या सर्किटमध्ये दोष असल्याचे सांगतो. सर्किटमध्ये प्लग, कनेक्टर, वायर आणि कंट्रोलर सगळेच आले. दोन सिलिंडरचे प्लग अदलाबदल करा. कोड प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर प्लग खराब. जागचा हलला नाही तर वायर किंवा कंट्रोलर तपासा.

गैरसमज ७: नवा संच बसवला की काम संपले.

वस्तुस्थिती: एकाच वयाचे प्लग एकदम बदलणे रास्त आहे. पण सगळे एकाच वेळी जळाले असतील तर रिले चिकटला आहे का पाहा. तसे झाले तर प्लगना करंट मिळतच राहतो. पोस्ट-हीटिंग संपल्यावर प्लगच्या टर्मिनलवर व्होल्टेज राहता कामा नये. एकच प्लग पुन्हा पुन्हा जळत असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासून घ्या. प्लग काढताना जोर लावू नका. अडकलेला प्लग हेडमध्येच तुटला तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. बसवताना टॉर्क रेंच वापरा आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नका, कारण अर्थिंग तिथूनच मिळते.

क्रम लक्षात ठेवा: बॅटरी, फ्यूज, रिले, वायर, अर्थिंग आणि मग प्लग. गॅरेजमध्ये प्लग बदलायला सांगितले, तर प्रत्येक प्लग किती अँपिअर घेतो, हे आधी विचारा. तो आकडा मोजल्याशिवाय प्लगला दोषी धरू नका.