कागबेनी : वारा, नदी आणि मातीचे छप्पर

नेपाळमधल्या पोखऱ्याहून जोमसोमला जाणारी छोटी विमाने सकाळीच उडतात. दहा-अकरानंतर त्या विमानतळावर शुकशुकाट असतो. आकाश निळेभोर, ढगाचा ठिपकाही नाही, आणि तरी विमाने बंद. असे का, हे आम्हांला जोमसोमहून कागबेनीला चालत जाताना समजले.

कागबेनी हे काली गंडकी नदीच्या दरीतले, सुमारे २८०० मीटर उंचीवरचे गाव. ‘बेनी’ म्हणजे संगम. मुक्तिनाथकडून येणारा ओढा इथे काली गंडकीला मिळतो. ‘काग’ म्हणजे नेपाळीत कावळा. या संगमावर पिंडदान करण्याची प्रथा आहे, त्यामुळे पिंड आणि कावळा हे नाते आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गावाच्या मधोमध मात्र १४२९ साली स्थापन झालेला लाल रंगाचा बौद्ध मठ आहे. दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदतात.

आम्ही नऊ वाजता निघालो तेव्हा पानही हलत नव्हते. साडेदहाला पाठीवर झुळूक आली. बाराच्या सुमारास नदीच्या पात्रातली वाळू उडू लागली आणि वारा आम्हांला अक्षरशः पुढे ढकलू लागला. समोरून येणारी माणसे वाकून, तोंडाला फडके गुंडाळून चालत होती. दुपारी इथे वाऱ्याचा वेग सेकंदाला १५ ते २० मीटरपर्यंत जातो. रात्री तो पडतो आणि सकाळी पुन्हा सगळे शांत.

रोज ठरलेल्या वेळी वारा का?

दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आपण वर्गात शिकवतो. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला येते. इथे समुद्र नाही. पण कागबेनीच्या उत्तरेला मुस्तांगचा उंच, कोरडा, झाडे नसलेला प्रदेश आहे.

एखादा विद्यार्थी इथे विचारील, “सर, उंचावर तर थंडी असते. मग तिथली हवा तापून हलकी कशी होईल?” प्रश्न योग्य आहे. तुलना मैदानातल्या जमिनीलगतच्या हवेशी नव्हे, तर मैदानाच्या वर तेवढ्याच उंचीवर असलेल्या हवेशी करायची. साडेतीन हजार मीटर उंचीवर मुस्तांगमधली हवा तापलेल्या जमिनीला टेकलेली असते. मैदानावर त्याच उंचीची हवा मात्र जमिनीपासून कितीतरी दूर, अधांतरी असते. म्हणून दुपारी मुस्तांगवरची हवा अधिक गरम होते, तिथला दाब कमी होतो आणि दक्षिणेकडची हवा तिकडे धावते. वाटेत हिमालयाची भिंत उभी असते. त्या भिंतीत दार एकच, काली गंडकीची दरी.

१९८९ साली याच वाऱ्यावर वीज निर्माण करण्यासाठी कागबेनीला पवनचक्क्या उभारल्या होत्या. काही महिन्यांतच वाऱ्याने त्या मोडल्या.

भिंतीत दार कसे पडले?

जोमसोमला येताना विमान डोंगरांच्या वरून नव्हे, डोंगरांच्या मधून जाते. डाव्या हाताला धौलागिरी (८१६७ मीटर), उजव्या हाताला अन्नपूर्णेची रांग. अन्नपूर्णेचे मुख्य शिखर ८०९१ मीटर उंच आहे. दोन्ही शिखरांमधले अंतर सुमारे ३५ किलोमीटर, आणि त्यांच्यामधून नदी वाहते ती साधारण २५०० मीटर उंचीवरून. म्हणजे शिखरांपासून मोजली तर दरी साडेपाच किलोमीटर खोल झाली!

आता नकाशा पाहा. नदी उगम पावते ती या शिखरांच्या उत्तरेला, तिबेटच्या सरहद्दीजवळ. तिथली कोरा ला ही खिंड ४६६० मीटर उंच आहे. नदी ४६०० मीटरच्या आसपास जन्मते आणि ८००० मीटरच्या रांगेला भेदून दक्षिणेला येते. पाणी डोंगर चढून तर आले नसणार.

याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर असे, की नदी आधीची आहे आणि डोंगर नंतरचा. सुरीने भाजी चिरताना भाजी जागेवर असते आणि सुरी खाली येते. विळीवर उलटे घडते. पाते जागेवर असते आणि भोपळा त्याच्यावर दाबला जातो. नदी म्हणजे विळीचे पाते. डोंगर हळूहळू वर येत गेला आणि जितका वर आला तितका कापला गेला. अशा नदीला पूर्ववर्ती नदी म्हणतात. सिंधू आणि सतलज ही याच प्रकारची उदाहरणे.

डोंगर वर आला याचा पुरावा पात्रातच पडलेला असतो. आपल्या देव्हाऱ्यातला, तुळशीच्या लग्नातला शाळिग्राम इथला. काळा गुळगुळीत गोटा फुटला, की आत चक्राची नक्षी दिसते. ती अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाची. आजच्या माकुल आणि ऑक्टोपसचे हे नातलग सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी टेथिस समुद्रात राहत होते. मेल्यावर ते तळाच्या काळ्या गाळात रुतले. पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला भिडला आणि तो समुद्रतळच उचलला गेला.

हिरवा तुकडा

चढावरून पाहिले, की कागबेनी चित्रासारखे दिसते. सगळीकडे मातकट, उघडे डोंगर आणि मध्ये जव, फापर म्हणजे कुट्टू आणि सफरचंदाच्या बागांचा हिरवा तुकडा. घरे एकमेकांना चिकटलेली, काही गल्ल्या तर घरांच्या खालून बोगद्यासारख्या जाणाऱ्या. वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून ही दाटी. छपरे सपाट आणि मातीची, कडेला सरपणाच्या मोळ्या रचलेल्या.

मातीची छपरे चालतात, कारण पाऊस नाही. महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्यातला फरक आपल्याला ठाऊक आहे. इथे तो आणखी टोकाचा आहे. अन्नपूर्णेच्या दक्षिणेला लुम्ले येथे वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत साठ किलोमीटरही दूर नसलेल्या जोमसोमला ३०० मिलिमीटरच्या आसपास.

पण ती हिरवी जमीन आली कुठून? ओढ्याने वरच्या डोंगरातून आणलेला गाळ संगमाशी पसरून ती बनली आहे. म्हणजे गावाची शेती ही जुन्या पुरांचीच देणगी आहे.

१३ ऑगस्ट २०२३ रोजी तसाच एक पूर आला. वरच्या भागात पाऊस झाला. उघड्या, सुट्या मातीच्या उतारांना पाणी धरून ठेवता आले नाही. ओढ्यातून चिखल आणि दगडांचा लोंढा उतरला आणि गावातली अनेक घरे आणि पूल घेऊन गेला. माणसे वेळीच उंचावर गेली म्हणून वाचली.

आम्ही ज्या घरी उतरलो तिथल्या दिदींनी भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली. ती आमच्या कमरेच्या वर होती. मग त्यांनी आम्हांला शिडीने छपरावर नेले. “पूर्वी वर्षातून एकदा माती लिंपली, की पुरायची,” त्या म्हणाल्या. “आता पाऊस अवेळी येतो, आत गळतं. लोक सांगतात, पत्रा घाला. पण इथला वारा पत्रा ठेवील का? तुम्ही शिकवणारी माणसं. सांगा, काय करू?”

आम्ही पत्र्याला उतार किती हवा, तो किती ठिकाणी आवळावा, वर दगड ठेवले तर काय होईल, यावर बरेच बोललो. वारा दक्षिणेकडूनच येतो, तर त्या बाजूची कड भिंतीआड लपवता येईल, असेही सुचवले. दिदींनी ऐकून घेतले आणि विचारले, “आणि पत्र्यावर जर्दाळू कुठे वाळवू? सरपण कुठे रचू?”

त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. परत आल्यावर हा प्रश्न आम्ही आठवीच्या वर्गाला घातला आहे. पुठ्ठ्याची घरे, टेबलपंखा आणि झारी एवढ्यावर मुलांचे प्रयोग चालू आहेत. तुमच्या वर्गानेही करून पाहावेत. एक अट मात्र दिदींची : छप्पर सपाटच हवे.