मेन्यूकार्ड मिटवा, हे मागवा!

पाच जणांचा ग्रुप, एक टेबल आणि सोळा पानी मेन्यूकार्ड. दहा मिनिटं सगळे पानं चाळतात. मग कुणीतरी हात टेकतं, 'तूच सांग रे काहीतरी!' आणि शेवटी टेबलावर येतं काय? व्हेज मंच्युरियन, एक ट्रिपल शेजवान आणि पाच रिकाम्या प्लेट्स. बिल टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. पोट भरलं, पण काय खाल्लं ते दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही नसतं.

मंडळी, मुंबईत अशी कितीतरी जुनी ठिकाणं आहेत, जिथं मेन्यूकार्ड उघडायची गरजच नाही. आत शिरायचं, बसायचं आणि त्या जागेचा तो एक पदार्थ मागवायचा. बाकी सगळं नंतर.

पण तो एकच पदार्थ का? यामागे साधं व्यवहारज्ञान आहे. ज्या पदार्थाला दिवसभर मागणी असते, तो दिवसभर बनत राहतो. त्याचं पीठ शिळं होत नाही, तेल तापलेलं असतं, आचाऱ्याचा हात बसलेला असतो. ज्या पदार्थाची ऑर्डर आठवड्यातून एकदा येते, तो फ्रीजमधून बाहेर निघतो. म्हणून इराण्याकडे जाऊन डोसा आणि उडुप्याकडे जाऊन पिझ्झा मागवू नये! पॉकेटमनी मोजका असेल तर हा नियम आणखीच महत्त्वाचा. चुकीच्या ऑर्डरवर उडवायला आपल्याकडे पैसे असतात कुठे?

तर चला, लोकलचा पास खिशात टाका आणि निघा.

दादर : मिसळ, वडा आणि चुरा

सुरुवात दादर पश्चिमेपासून. शिवसेना भवनासमोरचं 'आस्वाद' 1986 पासून सुरू आहे. इथं मागवायची ती मिसळ. 2015 मध्ये लंडनच्या फूडीहब पुरस्कारांमध्ये या मिसळीला जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं गेलं आणि शनिवार-रविवारच्या रांगा आणखी वाढल्या. कोल्हापूर-नाशिककडच्या दोस्तांना मात्र आधीच सांगून ठेवा, ही मिसळ डोळ्यांतून पाणी काढणारी नाही. झणझणीत कटाची सवय असेल तर सौम्य वाटेल. पण उसळीची चव फरसाणाखाली आणि तिखटाखाली हरवत नाही, हेच तिचं वैशिष्ट्य. चार जण असाल तर दोन मिसळ, एक थालीपीठ आणि एक कोथिंबीर वडी. वाटून खाल्लं की बजेटही बसतं.

आणि डोळ्यांतून पाणीच काढायचं असेल, तर सरळ ठाणे लोकल पकडा. ठाण्याची 'मामलेदार मिसळ' त्यासाठीच आहे. नाव पडलं ते तहसीलदार कचेरीवरून, कारण हॉटेल कचेरीला लागूनच. पहिल्यांदा जाणाऱ्याने मध्यम तिखटच मागवावी. ग्रुपमध्ये भाव खायला 'तिखट द्या' म्हणणारे नंतर ताक शोधत फिरतात.

पुन्हा दादरला या. गोखले रोडवरचं 'प्रकाश' म्हणजे साबुदाणा वडा आणि पीयूष. वडा बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि गरम असतानाच खायचा. फोटो काढत बसलात तर निम्मी मजा गेली. पीयूष म्हणजे काय, हा प्रश्न मुंबईबाहेरून आलेले बरेच जण विचारतात. श्रीखंड ताकात घुसळून पातळ केलं आणि वर वेलची-जायफळ-केशर घातलं की पीयूष झालं, असं समजा. ते लस्सीसारखं गटागट पिऊ नका, घोटाघोटाने घ्या. संपल्यावर दुपारचं लेक्चर अटेंड करायची इच्छा राहत नाही, हा इशारा!

दादरला येऊन वडापाव नाही खाल्ला तर पाप लागेल. 1966 मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी पहिल्यांदा बटाटावडा पावात घालून विकला, असं मानलं जातं. गिरणीत शिफ्टला जाणाऱ्या माणसाला चालता चालता खाता येईल, हात खराब होणार नाहीत आणि खिशाला परवडेल, असं काहीतरी हवं होतं. आज तेच आपल्याला हवं असतं, फक्त शिफ्टच्या जागी प्रॅक्टिकल आलं. कीर्ती कॉलेजजवळच्या अशोक वडापावच्या गाडीवर गेलात तर एक गोष्ट विसरू नका, 'चुरा घालून' मागा. वडे तळताना कढईत सुटणारे बेसनाचे कुरकुरीत थेंब म्हणजे चुरा. टाकाऊ वाटणारी ही गोष्ट आता त्या वडापावची ओळख झालीय.

माटुंगा : केळीचं पान आणि फिल्टर कॉफी

रुइया, पोदार, व्हीजेटीआय, खालसा... माटुंग्यात कॉलेजं जितकी, तितकीच उडुपी हॉटेलं. यातलं सगळ्यात मनापासून सांगावंसं ठिकाण म्हणजे मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनबाहेर, मंडईच्या इमारतीत जिना चढून गेल्यावर लागणारं 'रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग'. रामा नायक उडुपीकडून लहान वयात मुंबईत आले, स्वयंपाकघरात पडेल ते काम केलं आणि 1942 मध्ये ही खाणावळ सुरू केली. घर सोडून नोकरीसाठी आलेल्या दाक्षिणात्य माणसांना दोन वेळचं घरचं जेवण मिळावं, यासाठी.

इथं मागवायचं ते केळीच्या पानावरचं जेवण. भाज्या, सांबार, रस्सम, पापड, भात, दही, ताक. वाढपी येत राहतात, तुम्ही 'पुरे' म्हणेपर्यंत. नवख्यांसाठी एक टिप : पहिल्याच फेरीत भाताचा डोंगर घेऊ नका. आधी थोडा भात सांबारासोबत, मग रस्समसोबत, आणि शेवट दहीभाताने. असं जेवलात तर तिन्ही चवी कळतात. आणि पानात टाकू नका. अनलिमिटेड म्हणजे लागेल तेवढं, नासाडीची परवानगी नव्हे.

हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलामुलींना या जागेचं मोल वेगळं सांगायला नको. बीड, जळगाव, सावंतवाडीहून आलेल्या पोरांना महिन्यातून एकदा असं कुणीतरी आग्रहाने वाढलं की मेसच्या पातळ डाळीचा राग थोडा कमी होतो. भाषा कळत नसेल, चव ओळखीची नसेल, पण वाढणाऱ्या हाताची घाई आपल्याच घरातल्या पंगतीसारखी असते.

किंग्ज सर्कलजवळचं 'कॅफे मद्रास' 1940 चं. कामत कुटुंबाचं. रविवारी सकाळी बाहेर नाव नोंदवून थांबावं लागतं, आणि टेबल अनोळखी माणसांसोबत वाटून घ्यायची तयारी ठेवावी लागते. इथं दोन गोष्टी चुकवू नका. एक, रस्सम वडा, म्हणजे आंबट-तिखट रस्समात मुरलेला मेदूवडा. दोन, नाचणीचा डोसा. कानडीत नाचणीला रागी म्हणतात, मेन्यूत तेच नाव शोधा. आई घरी नाचणी खा म्हणते तेव्हा तोंड वाकडं करणारे इथं दुसरा डोसा मागवतात! लोणीप्रेमींसाठी बेन्ने डोसा. 'बेन्ने' म्हणजे कानडीत लोणी, म्हणजे काय वाढून ठेवलंय ते समजलंच. शेवटी फिल्टर कॉफी. वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत अशी ओतून फेस आणायचा आणि मगच प्यायची.

जवळच 'राम आश्रय' आहे, 1939 पासूनचं. इथली खासियत शिरा. अननसाचा शिरा सगळ्यात प्रसिद्ध, पण शिऱ्याचे प्रकार बदलत असतात. म्हणून 'आज कुठला शिरा?' हा प्रश्न वेटरला विचारायचाच. शिरा, उपमा आणि कॉफी, तिघांत झाला नाश्ता.

धोबीतलाव ते ग्रँट रोड : मस्का आणि मावा

मरीन लाइन्सला उतरून मेट्रो सिनेमाकडे चालत या. समोर 'क्यानी अँड कंपनी', 1904 चं इराणी. झेवियर्सच्या किती पिढ्यांनी इथं असाइनमेंट पूर्ण केल्या असतील कोण जाणे. बन मस्का आणि चहा ही इथली एंट्री-लेव्हल ऑर्डर. बन चहात बुडवायचा, लाजायचं नाही. मस्का वितळून चहावर तरंगायला लागला की समजा, बरोबर जमलंय. नॉनव्हेज खात असाल तर खिमा पाव किंवा अकुरी. अकुरी म्हणजे पारशी पद्धतीची अंडाभुर्जी, जरा ओलसर ठेवलेली. भुर्जीसारखी कोरडी नाही म्हणून परत पाठवू नका.

मावा केक मात्र ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या 'बी. मेरवान' मधला. 1914 चं दुकान. खवा, लोणी आणि वेलचीचा वास, वर क्रीम-बिम काही नाही. अट एकच, सकाळी लवकर जायचं. केक संपला की संपला. सकाळच्या लेक्चरला उठत नसाल, पण यासाठी उठाल.

बॅलार्ड इस्टेट : वर्षातून एकदाच, पण एकदा तरी

शेवटचं ठिकाण खिशाला जड आहे, हे आधीच सांगते. 1923 चं 'ब्रिटानिया अँड कंपनी'. इथला बेरी पुलाव. मालक बोमन कोहिनूर 2019 मध्ये वयाच्या 97 व्या वर्षी गेले. त्याआधी कित्येक वर्षं ते स्वतः टेबलापाशी येऊन ऑर्डर घ्यायचे, गप्पा मारायचे. बेरी पुलाव इथं आणला तो त्यांच्या पत्नीने. त्या काही काळ इराणमध्ये नोकरीला होत्या. तिथल्या भातातली झिरेश्क, म्हणजे लालसर, आंबट, सुकवलेली बारीक बेरी, त्यांनी मुंबईच्या पारशी पद्धतीच्या पुलावावर घातली. वर तळलेला कांदा, काजू, आणि भाताखाली मसालेदार चिकन किंवा मटण. शाकाहारींसाठी भाज्यांचाही असतो.

ही ऑर्डर एकट्याने करायची नाही. एक पुलाव दोघांत आरामात होतो. पैसे जमवून, कुणाचा वाढदिवस गाठून जा. सोबत रासबेरी सोडा आणि शेवटी कॅरमल कस्टर्ड. आणि लक्षात ठेवा, हे दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे. संध्याकाळी गेलात तर बंद दाराचा फोटो घेऊन परत याल.

मग हे सगळं टिकणार का?

आता जरा सिरियस. या यादीतल्या ठिकाणांकडे पाहिलं की एक गोष्ट समान दिसते. यातली बरीचशी खिसा हलका असलेल्या, घरापासून लांब आलेल्या माणसांसाठी सुरू झाली. गिरणी कामगारासाठी वडापाव, परगावच्या नोकरदारासाठी बोर्डिंग, सगळ्यांसाठी इराण्याचा चहा. म्हणजे खरंतर आपल्यासारख्यांसाठीच.

पण इराणी हॉटेलं एकेक करून कमी होत चाललीत. क्यानीजवळच 'बास्तानी' नावाचं तितकंच लाडकं इराणी होतं, ते कधीच बंद झालं. बी. मेरवान बंद होणार म्हणून 2014 मध्ये अख्खी मुंबई हळहळली, शेवटचा केक घ्यायला रांगा लागल्या. नशिबाने ते पुन्हा उघडलं. प्रत्येकाच्या बाबतीत असं होईलच याची खात्री नाही. जुन्या इमारती, जागांचे भाव, पुढच्या पिढीने वेगळी वाट धरणं, कारणं अनेक. शिवाय एका कप चहावर दोन तास बसू देणाऱ्या धंद्याचं गणित या शहरात जुळवणं सोपं नाही.

यात आपला वाटा काय? रील बनवायला एकदा जायचं, एक प्लेट सहा जणांत मागवायची, बाहेर रांग असताना तासभर टेबल अडवायचं, आणि मग रोजची भूक मात्र डिस्काउंट कुपनवर अ‍ॅपवरून भागवायची. असं करून ही ठिकाणं वाचणार नाहीत. बंद पडल्यावर 'नॉस्टॅल्जिया' म्हणून स्टोरी टाकण्यापेक्षा महिन्यातून एकदा जाऊन पोटभर खाणं केव्हाही चांगलं. नेहमीचं गिऱ्हाईक हीच अशा जागेची खरी कमाई असते. वेटर तुम्हाला ओळखायला लागला, न विचारता कॉफी आणून ठेवली, की समजा, तुम्ही त्या जागेचे झालात.

ऑर्डर देण्याआधी

• शेजारच्या टेबलांवर बघा. पाचपैकी चार टेबलांवर जे दिसतंय, तेच मागवा.
• रोख पैसे जवळ ठेवा. काही जुन्या ठिकाणी यूपीआय चालतंच असं नाही.
• सुट्टीचा वार आणि वेळ आधी बघून घ्या. माटुंग्यातली काही हॉटेलं सोमवारी बंद असतात.
• पहिल्या भेटीत त्या जागेचा खास पदार्थ, दुसऱ्या भेटीत प्रयोग.
• रांग असेल तर खाऊन झाल्यावर उठा. गप्पांसाठी कट्टा आहेच.
• आणि तुमच्या गावात, तुमच्या कॉलेजच्या गल्लीत असं एखादं ठिकाण असेल, तर या वीकेंडला मित्रांना तिथं घेऊन जा. मेन्यूकार्ड मात्र तुम्हीच मिटवायचं!