घोरणारा गाढ झोपेत असेलच असे नाही

जोरात घोरणारा माणूस गाढ झोपेत आहे, हा समज सोलापुरातही घरोघरी आहे. पण जोरात घोरणे ‘स्लीप ॲप्निया’चे लक्षण असू शकते. या विकारात घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो आणि मेंदू झोप मोडून तो पुन्हा सुरू करतो. तासाला असे 5 प्रसंग घडले की विकार मानला जातो. 30 म्हणजे तीव्र. रुग्णाला सकाळी यातले बहुधा काही आठवत नाही. घाबरते ते शेजारी झोपणारे माणूस. विकार फक्त लठ्ठांना होतो, हेही खरे नाही. लहान जबडा किंवा वाढलेले टॉन्सिल पुरेसे ठरतात.

अशा मोडलेल्या झोपेने यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला येणारी पेंग पाळीच्या नावावर खपते आणि चिडचिड, विसराळूपणा, कशात मन न लागणे ‘आळसा’च्या. हीच लक्षणे नैराश्याचीही असतात. दोन्ही विकार अनेकदा एकत्र आढळतात आणि काही रुग्णांच्या मनात ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असे येऊ लागते. हा भित्रेपणा नव्हे, नाटक तर नव्हेच. अशा विचारांना एकच कारण क्वचित असते, पण मोडलेली झोप हे उपचार करता येण्याजोगे कारण आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील 2015 च्या अभ्यासात असे विचार असलेल्या 41 रुग्णांनी तीन महिने सीपॅप (हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे) यंत्र वापरले; त्यानंतर एकाच्याही मनात ते उरले नव्हते. तुलनेचा गट नसल्याने यंत्र म्हणजे नैराश्यावरचा इलाज, असा अर्थ मात्र काढता येत नाही. नैराश्याची औषधे परस्पर बंद करणे धोक्याचेच.

झोपेसाठी दारू किंवा मनाने घेतलेली गोळी हा सर्वांत घातक गैरसमज. दारूने आणि काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो.

‘आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात भरेल’ ही भीतीही निराधार आहे. थेट, शांतपणे विचारल्याने माणूस मोकळा होतो. पोलिसांच्या धास्तीने गप्प बसण्याचेही कारण नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुने कलम 309 नाही.

असे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे सोडू नये. सोलापूरच्या ‘सिव्हिल’ रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो.