लहान गलबताचे दोर

आमचे सावर्डे समुद्रापासून आत आहे. पण जवळच चिपळूणला वाशिष्ठी नदी आहे आणि ती दाभोळला समुद्राला मिळते. पूर्वी या खाडीतून शिडाचे पडाव आणि मचवे माल घेऊन गोवळकोटापर्यंत येत. पुढे यंत्रे आली, रस्ते झाले. शिडे खाली उतरली ती उतरलीच.

आता जुने गलबत पाहायचे कुठे? एक वाट आहे. त्याचा लहान नमुना करावा. हा छंद जगभर आहे. नमुना म्हणजे खेळणे नव्हे. खेळण्यातली होडी कशीही चालते. नमुन्यात सगळे मापाने असते. समजा, खऱ्या ४ फुटांना आपण १ इंच धरला. मग ४८ फुटी डोलकाठी १२ इंचांची होते. अडीच सेंटिमीटर जाडीचा दोर सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा होतो. म्हणजे शिवणाचा दोराच म्हणा ना!

लाकडी अंग पुष्कळांना करता येते. खरी कसोटी लागते ती दोर बांधताना. पाहणाऱ्याला वाटते, हे दोऱ्यांचे जाळे शोभेसाठी आहे. तसे नाही. प्रत्येक दोराला काम आहे.

दोर दोन जातींचे. पहिल्या जातीचे दोर डोलकाठीला धरून ठेवतात. मांडवाच्या खांबाला आपण तणावे देतो ना? तसेच हे तणावे. दुसऱ्या जातीचे दोर हलते. एक दोर काठीच्या शेंड्याजवळच्या कप्पीतून जातो. तो ओढला की आडवी काठी शिडासकट वर चढते. या काठीला परबाण म्हणतात. दुसरा दोर शिडाच्या खालच्या कोपऱ्याला असतो. तो ओढून किंवा सोडून शिडात वारा घेतात.

आपल्या किनाऱ्यावरच्या गलबताची डोलकाठी थोडी पुढे झुकलेली असे. कशासाठी? जड परबाण काठीला न घासता मोकळी लोंबावी म्हणून. वारा ज्या बाजूचा, त्या बाजूचे तणावे घट्ट करीत. दुसऱ्या बाजूचे सैल सोडीत, म्हणजे शीड त्यांना अडत नसे. नमुन्यात दोन्हीकडचे तणावे सारखेच ताणले, तर जाणता तांडेल बघताच म्हणेल, “हे गलबत चालायचे नाही!”

आता काम कसे करावे ते सांगतो. आधी दोऱ्यावर मेण चोळावे, म्हणजे त्याची लव बसते. मग तणावे बांधावे. एक उजवा, एक डावा, असे आळीपाळीने बांधावे. एकाच बाजूचे सगळे बांधले तर काठी तिकडे कलते. त्यानंतर परबाण, शीड आणि हलते दोर. आतले आधी, बाहेरचे मागून. नाही तर बोटे आत शिरत नाहीत. मग चिमट्याने गाठ मारावी आणि तिला गोंदाचा एक थेंब लावावा. दोरा फार ताणू नये. सुती दोरा ओल धरला की आखडतो, आणि आपल्या कोकणचा पावसाळा तुम्हांला माहीतच आहे. बारीक काठी वाकायला वेळ लागत नाही.

एवढी खटपट कशासाठी, असे कुणी विचारील. आंग्र्यांच्या आरमारात गुराबा होत्या. त्यांची नाळ लांब आणि टोकदार असे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाला इंग्रज आणि पेशवे यांनी तुळाजी आंग्र्यांवर चढाई केली. तेव्हा ते आरमार जळाले. आज खरी गुराब आपल्याला पाहायला मिळत नाही.

गेलेली वस्तू पुन्हा उभी करणे फार कठीण असते. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात एका जहाजाचे जुने चित्र आहे. त्यावरून भारतीय नौदलाने गोव्यात खरे जहाज बांधून घेतले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याच्या दोरीने शिवल्या. पण आराखडा कुठेच नव्हता. म्हणून मद्रासच्या आय. आय. टी. मधल्या जाणत्यांच्या मदतीने लहान नमुना करून पाण्यात तपासला. ते जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. त्याचे नाव ‘कौंडिण्य’. पाहा, लहान नमुना किती मोठ्या कामाला येतो!

दाभोळ, हर्णै, विजयदुर्ग या बाजूला तुमचे सोयरे असतील. त्यांच्या घरी कुणी शिडावर काम केलेले म्हातारे माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा. कोणता दोर कुठे बांधीत, त्याला काय म्हणत, ते विचारा. आता तुम्हांला लिहिता येते. तेव्हा ती नावे वहीत उतरून घ्या. शेजारी गलबताचे चित्र काढा आणि दोर दाखवा. पुढे तुमच्या घरातले एखादे मूल नमुना करायला बसेल. ती वही त्याच्या हाती असली, म्हणजे त्याचा एकही दोर चुकायचा नाही.