व्हायोलिन रडलं, बाई राहिली

हौशी नाटकवाल्यांना ठाऊक असतं, की ज्याला अभिनय जमत नाही आणि नेपथ्याचे खिळे ठोकायचा ज्याला कंटाळा येतो, त्याच्या गळ्यात पार्श्वसंगीत पडतं. माझ्या गळ्यात ते असंच पडलं. विंगेत एका स्टुलावर कॅसेटप्लेअर, शेजारी क्रमाने लावलेल्या कॅसेट, हातात संहिता आणि तिच्या समासात पेन्सिलीच्या खुणा. इथे सुरू, इथे बंद. पंधराएक वर्षं मी हे काम केलं.

एका स्पर्धेच्या नाटकात शेवटच्या अंकात एक प्रवेश होता. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली आहे. शेजारचा माणूस तार घेऊन येतो. मुलगा गेल्याची तार. मी व्हायोलिनचा एक अतिशय करुण तुकडा शोधून ठेवला होता. माणसाने पायरीवर पाऊल ठेवलं आणि मी बटण दाबलं. प्रेक्षकांत रुमाल निघाले. मी खूश!

रात्री घरी आल्यावर आईने ताट वाढलं. म्हणाली, "नाटक चांगलं झालं रे. पण त्या बाईला रडू द्यायचंस की! तिने तोंड उघडायच्या आत तुझं व्हायोलिनच रडायला लागलं."

मला राग आला. आईला संगीतातलं काय कळतं, असं वाटण्याचं ते वय होतं.

पुढे काही वर्षांनी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' पाहिला, आणि मी अधिकच गोंधळलो. कारण त्यात रायांनी मी केलं त्याच्याही पुढचं केलं होतं. त्यांनी आईचं रडणं काढूनच टाकलं होतं आणि त्या जागी वाद्य ठेवलं होतं. मग माझं चुकलं कुठे? या प्रश्नाच्या निमित्ताने कौटुंबिक चित्रपटात पार्श्वसंगीत नेमकं काय करतं, ते पाहू.

पार्श्वसंगीत म्हणजे गाणी नव्हेत. गाणं सुरू झालं की आपण सावरून बसतो, गाण्याकडे लक्ष देतो. पार्श्वसंगीत आपल्या नकळत काम करतं. चित्रपट चित्रित होतो, संकलित होतो आणि बहुतेक वेळा त्यानंतरच संगीतकाराला बोलावणं जातं. पूर्वी ध्वनिमुद्रणाच्या दालनात प्रसंग पडद्यावर दाखवत आणि वादक एक डोळा पडद्यावर, एक डोळा संगीतकाराच्या हातावर ठेवून वाजवत. संवाद, इतर आवाज आणि संगीत अशा वेगवेगळ्या ध्वनिपट्ट्या असतात. त्यांची शेवटची जुळणी म्हणजे मिक्सिंग. कुठली पट्टी वर, कुठली खाली आणि कुठली पूर्ण बंद, हे तिथे ठरतं.

घरगुती कथेत हा निर्णय फार नाजूक असतो. घरातली माणसं एकमेकांना मनातलं सांगत नाहीत. आपल्याच घरात पाहा ना. बाप मुलाला, सून सासूला 'मला फार दुःख झालंय' असं कधी म्हणते का? पाण्याचा तांब्या पुढे करतात, ताट वाढतात, उगाच भांडी हलवतात. या न बोललेल्या भागाचं करायचं काय, हा संगीतकारापुढचा खरा प्रश्न असतो.

'पथेर पांचाली' १९५५ चा. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरचा. बंगालमधल्या एका खेड्यातलं गरीब ब्राह्मण कुटुंब. हरिहर, त्याची बायको सर्वजया, मुलगी दुर्गा, धाकटा अपू आणि म्हातारी इंदिर ठाकरून. संगीत पंडित रविशंकर यांचं. हातात वेळ इतका थोडा होता, की त्यांनी जेमतेम निम्मा चित्रपट पाहिला आणि बहुतेक सगळं संगीत एका रात्रीच्या सलग बैठकीत मुद्रित झालं.

त्यातली मुख्य धून बासरीवरची, लोकसंगीताच्या वळणाची. ती पुन्हा पुन्हा येते आणि हळूहळू आपल्या मनात त्या गावाशी, त्या भावंडांशी जोडली जाते. हे पार्श्वसंगीताचं पहिलं काम. ते आठवणीचा धागा ओवतं. गावात मिठाईवाला येतो, त्याच्या मागे दुर्गा, अपू आणि एक कुत्रं अशी वरात निघते, तिथे सतार मिश्कील होते. त्या प्रसंगाचं संगीत चित्रपटाचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांचं, आणि सतारही त्यांनीच वाजवलेली. पाऊस जवळ येतो तेव्हा सतारीवर देस येतो. म्हणजे सुख असतं तिथे संगीत मोकळ्या हाताने खर्च केलेलं आहे.

आता दुःखाकडे या. इंदिर ठाकरून बांबूच्या बनात बसल्या जागी मरते. तिच्या शेवटच्या यात्रेला रायांनी करुण वाद्यमेळ वापरला नाही. तिनेच आधी एका संध्याकाळी गायलेलं गाणं आपल्याला पुन्हा ऐकू येतं. म्हातारी जाते आणि तिचा आवाज मागे राहतो. पुढे दुर्गा तापाने आजारी पडते, ती वादळाची रात्र. तिथली भीती उभी केली आहे ती वाऱ्याने, विजांनी आणि मोडक्या दाराने. सकाळी दुर्गा गेलेली असते. सर्वजया तिला घेऊन बसली आहे. रडत नाही. पुढचे दिवसही तशीच कोऱ्या चेहऱ्याने वावरते.

परगावी गेलेला हरिहर परततो. त्याला काहीच माहीत नाही. तो मुलांना हाका मारतो, आणलेल्या वस्तू एकेक दाखवतो. पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर. सर्वजया मुकाट्याने त्याला बसायला देते, पाणी देते. ऐकू येतं ते मुख्यतः हरिहरचं बोलणं. मग तो दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतो. सर्वजया ती हातात घेते, तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचं तोंड उघडतं, पण हंबरडा ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचे टिपेचे स्वर येतात.

तारशहनाई म्हणजे कर्णा जोडलेला इसराज. वाजते गजाने, तारेवर. पण कर्ण्यामुळे तिचा आवाज शहनाईसारखा टोकदार होतो. वादक होते दक्षिणामोहन ठाकूर आणि राग पटदीप, आपल्या नाट्यसंगीताच्या श्रोत्यांच्या चांगल्या ओळखीचा. कोमल गंधारावरून शुद्ध निषादाकडे चढणारे त्याचे स्वर इथे अक्षरशः माणसाच्या गळ्यातून फुटल्यासारखे वाटतात.

आता माझं व्हायोलिन आणि ही तारशहनाई शेजारी ठेवून पाहा.

माझं व्हायोलिन बातमीच्या आधी आलं. प्रेक्षकाला ते सांगत होतं, 'तयार राहा, आता रडायचंय.' तारशहनाई सर्वांत शेवटी आली. सर्वजयाने इतके दिवस जे आत धरून ठेवलं, ते प्रेक्षकालाही रायांनी धरून ठेवायला लावलं. बांध फुटला तेव्हा तो दोघांचा एकदमच फुटला.

दुसरा फरक असा. माझं व्हायोलिन त्या नटीच्या रडण्याच्या वर चढून बसलं होतं. एकच गोष्ट दोघं सांगत होते, आणि त्यात मोठा आवाज जिंकला. रायांनी दोघांतल्या एकालाच बोलू दिलं. हंबरडा आपण सर्वांनीच ऐकलेला असतो. तो एका बाईचा असतो. ती बाई दिसते आहे पण तिचा आवाज येत नाही, तेव्हा आपण तिथे आपल्या ओळखीचा आवाज भरतो. कुणाला आपली आई ऐकू येते, कुणाला बहीण. वाद्य बाईच्या पुढे गेलं की बाई झाकली जाते. तिचा आवाज संपतो तिथून वाद्याने सुरुवात केली, तर ती मोठी होते.

म्हणून मला वाटतं, घरगुती चित्रपटाच्या संगीतकाराची परीक्षा त्याने काय वाजवलं यापेक्षा कुठे वाजवलं नाही, यावर होते. पुढच्या वेळी एखादा असा चित्रपट पाहाल तेव्हा डोळ्यांत पाणी आल्यावर क्षणभर थांबा आणि आठवून पाहा. आधी माणूस हलला होता, की आधी वाद्य वाजलं होतं? उत्तर लगेच सापडतं.

आईचं म्हणणं मला संपूर्ण पटलं ते मात्र चित्रपटामुळे नाही. वडील गेले तेव्हा आई रडली नाही. आल्यागेल्याचं चहापाणी, तेरा दिवसांचं सगळं तिने उभ्याने पार पाडलं. लोक म्हणाले, मोठी धीराची बाई. दिवस उरकल्यावर एका सकाळी इस्त्रीवाला आला. वडिलांनी दिलेले दोन सदरे त्याच्याकडे राहून गेले होते. त्याने ते घडी करून आईच्या हातावर ठेवले आणि पैसे न घेताच निघून गेला. आई दारातच खाली बसली.

घरात रेडिओ चालू होता. कुठलीशी सुंदर सारंगी लागली होती. मी उठलो, रेडिओ बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)