घरच्या घरी मक्याच्या लाह्या

नागपंचमी जवळ आली की महाराष्ट्रातील खेडोपाडी ज्वारीच्या लाह्या फोडण्याची लगबग सुरू होते. ज्वारीवर उकळते पाणी घालावे, थोड्या वेळाने ती निथळून घ्यावी, फडक्यात रात्रभर बांधून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी तापलेल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकून फोडावी, ही रीत सुगरण गृहिणींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सुकलेली ज्वारी तशीच कढईत टाकली तर ती करपते, पण नीट फुलत नाही. या जुन्या रीतीत जे शास्त्र दडलेले आहे, तेच मक्याच्या लाह्यांनाही लागू पडते. दाण्यात पाण्याचा अंश किती आहे, यावर लाही फुलणार की दाणा गणंग राहणार, हे ठरत असते.

हल्ली मक्याच्या लाह्या पॉपकॉर्न या नावाने शहरात व खेड्यात सारख्याच खपतात. शाळेच्या फाटकाशी, यात्रेत व एस. टी. स्थानकावर त्यांच्या पुड्या मिळतात. ज्या घरातून धान्याची पोती बाजारात जातात, त्याच घरातील मुले मीठ, तेल व कृत्रिम स्वाद यांनी माखलेल्या पुड्यांवर पैसे खर्च करताना दिसतात. वास्तविक पाहता हा पदार्थ घरी करण्यास दहा मिनिटे पुरतात. त्यास लागणारे साहित्य म्हणजे योग्य जातीचा मका, चिमूटभर मीठ आणि झाकणाचे भांडे. ज्या घरी मायक्रोवेव्ह भट्टी आहे, तेथे चुलीचीही गरज नाही. मात्र त्यामागील कारणे समजून घेतली नाहीत, तर निम्मे दाणे फुकट जातात आणि घरचा मंडळी पुन्हा विकतच्या पुडीकडे वळतात.

दाणा फुलतो कसा?

लाह्यांच्या मक्याचा दाणा लहान, गोलसर व चकचकीत असतो. त्याचे टरफल घट्ट व अखंड असते आणि आतील पिष्टाचा बहुतेक भाग काचेसारखा कठीण असतो. या पिष्टात थोडे पाणी सामावलेले असते. दाणा तापू लागला की या पाण्याची वाफ होऊ पाहते, परंतु टरफल तिला बाहेर पडू देत नाही. दाण्याचे तापमान सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, तेव्हा आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे नऊपट झालेला असतो आणि पिष्ट मऊ पडलेले असते. याच क्षणी टरफल फाटते, वाफ एकदम मोकळी होते आणि पिष्ट फेसासारखे फुगून तत्क्षणी थिजते. हीच लाही होय.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. दाण्यात पाणी कमी असेल तर पुरेशी वाफ होत नाही. पाणी जास्त असेल तर लाही लहान, चिवट व वातड होते. सर्वसाधारणपणे शेकडा १३ ते १४ भाग ओलावा असलेला दाणा उत्तम फुलतो. दुसरी गोष्ट अशी की, टरफलाला बारीकशी चीर गेली असेल तर वाफ हळूहळू निसटून जाते व दाणा गणंग राहतो.

शेतात घेतला जाणारा नेहमीचा मका या कामी उपयोगी पडत नाही. त्याच्या दाण्यात मऊ पिष्टाचा भाग अधिक असतो. तो भाजला जातो, तडकतो, पण फुलत नाही. त्यासाठी लाह्यांच्या मक्याची वेगळी जात लागते. आपल्या देशात अंबर पॉपकॉर्न, व्ही. एल. अंबर पॉपकॉर्न व पर्ल पॉपकॉर्न या जाती त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ज्वारीच्या लाह्यांसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले पंचमी ही जात काढली आहे.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

लाह्या चांगल्या होणे न होणे हे पुष्कळसे शेतात व खळ्यावरच ठरते. कणसे पूर्ण पक्व होऊन त्यांवरील आवरण वाळल्यावरच तोडणी करावी. कणसे हवेशीर जागी, शक्यतो सावलीत, हळूहळू वाळवावीत. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर दाणे पसरल्यास ते लवकर वाळतात खरे, पण टरफलाला बारीक चिरा जातात व ओलावाही प्रमाणाबाहेर घटतो. मळणीच्या वेळी दाणे फुटणार नाहीत, इकडे लक्ष द्यावे. लाह्यांपुरता थोडा मका असेल तर तो हातानेच सोलावा.

वाळलेला दाणा हवाबंद डब्यात ठेवावा. उघड्या पोत्यातील मका उन्हाळ्यात अधिक सुकतो आणि पावसाळ्यात दमट होतो. दमट मक्याला बुरशी धरते. बुरशी लागलेला, काळपट किंवा कुबट वासाचा दाणा लाह्यांसाठी कधीही वापरू नये. काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते भाजण्याने पुरतेपणी नाहीसे होत नाही.

याहूनही महत्त्वाची सूचना बियाण्यासंबंधी आहे. पेरणीसाठी मिळणाऱ्या बियाण्यास बहुधा बुरशीनाशक अथवा कीटकनाशक चोळलेले असते व ते ओळखू यावे म्हणून त्यास लाल, गुलाबी किंवा हिरवा रंग दिलेला असतो. पेरणीनंतर उरलेले असे बियाणे धुऊनही खाण्यायोग्य होत नाही. लाह्यांच्या मक्याच्या बियाण्याची पिशवी घरात असेल, तर ती खाण्याच्या धान्यापासून दूर व मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. लाह्यांसाठी खाण्याचा म्हणून विकला जाणारा किंवा स्वतःच्या शेतात पिकलेला दाणाच घ्यावा.

सुकलेल्या दाण्यास ओलावा देणे

मका फार सुकला आहे असे वाटल्यास तो टाकून देण्याचे कारण नाही. अर्धा किलो दाणे झाकणाच्या बरणीत घालावेत. बरणीचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा असावा. त्यात एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर, स्वच्छ पाणी घालून झाकण घट्ट लावावे व बरणी चांगली हलवावी. पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी आणि त्यानंतर दिवसातून तीन-चार वेळा ती हलवीत राहावे. तीन ते चार दिवसांत पाणी दाण्यात मुरते. शेकडा ११ भाग ओलावा असलेल्या मक्याचा ओलावा एवढ्या पाण्याने सुमारे साडेतेरा भागांपर्यंत येतो. एकदम अधिक पाणी घालू नये. बुरशी येण्याचा संभव असतो. ओलावा दिलेला मका लवकर वापरून संपवावा.

दाण्याची पारख करण्यासाठी १०० दाणे मोजून फोडावेत व किती गणंग राहिले ते मोजावे. वीस-पंचवीस दाणे राहिले आणि फुटलेल्या लाह्याही लहान असल्या तर ओलाव्याकडे लक्ष द्यावे. लाह्या चिवट असतील तर दाणा ओला आहे. तो एक-दोन दिवस सावलीत पसरून पुन्हा पाहावे. लाह्या कुरकुरीत असून संख्येने थोड्या असतील तर दाणा सुकलेला आहे असे समजावे.

मायक्रोवेव्ह भट्टीत लाह्या

या भट्टीचा व मक्याच्या लाह्यांचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, अमेरिकेतील रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर हे रडारसाठी लागणाऱ्या सूक्ष्मलहरींवर काम करीत होते. या लहरींनी अन्न तापते हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ज्या पदार्थांवर आरंभीचे प्रयोग केले, त्यांत मक्याचे दाणेही होते असे सांगतात. या लहरी अन्नातील पाण्याच्या कणांना वेगाने हालवितात व त्यामुळे अन्न तापते. लाह्यांच्या दाण्यात पाणी असतेच. म्हणून तेलाशिवायही तो फुलतो.

त्यासाठी मायक्रोवेव्हमध्ये चालणारे, उष्णता सोसणारे काचेचे अडीच लिटरचे खोलगट भांडे घ्यावे. त्यात तीन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, दाणे एका थरात पसरावेत. हवे असल्यास अर्धा लहान चमचा तेल दाण्यांस चोळावे. भांड्यावर मायक्रोवेव्हमध्ये चालणारी चिनी मातीची ताटली नुसती ठेवावी. वाफेस वाट हवी, म्हणून घट्ट झाकण लावू नये. भट्टी पूर्ण शक्तीवर चालू करावी. दोन-तीन मिनिटांत दाणे फुटू लागतात. दोन आवाजांमध्ये दोन सेकंदांचे अंतर पडू लागले की भट्टी ताबडतोब बंद करावी. भट्टीची शक्ती निरनिराळी असल्याने घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवणे श्रेयस्कर. सारे दाणे फुटण्याची वाट पाहिल्यास फुटलेल्या लाह्या करपतात.

भांडे अतिशय तापलेले असते. ते जाड फडक्याने धरावे व झाकण चेहऱ्यापासून दूर कलते करून काढावे. भट्टीत स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे ठेवू नये. किराणा मालाच्या कागदी पिशव्या, वर्तमानपत्र अथवा तारेच्या टाचण्या लावलेली पाकिटे वापरू नयेत. त्यांनी पेट घेण्याचा धोका असतो व छपाईची शाई अन्नास लागते. उरलेले गणंग पुन्हा भट्टीत घालू नयेत. भट्टी चालू असताना तेथून हलू नये.

चुलीवर लाह्या

भट्टी नसली म्हणून काहीच अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात किंवा लोखंडी कढईत दोन लहान चमचे तेल घालून मध्यम आचेवर तापवावे. आधी तीन दाणे टाकावेत. ते फुटले की तेल योग्य तापले असे समजून बुडाशी एक थर होईल इतकेच दाणे घालावेत. झाकण किंचित कलते ठेवून भांडे वरचेवर हलवावे. आवाज मंदावताच भांडे खाली उतरवून लाह्या परातीत ओताव्यात. गावात भडभुंज्याची भट्टी असेल तर तापलेल्या वाळूत बिनतेलाच्या उत्तम लाह्या होतात. त्या चाळून वाळू पूर्ण काढून टाकावी.

पौष्टिकता व मर्यादा

मक्याची लाही हे अख्खे धान्य आहे. कोंडा, अंकुर व पिष्ट हे तिन्ही भाग तिच्यात राहतात. तेलाशिवाय फोडलेल्या १०० ग्रॅम लाह्यांत सुमारे ३८७ कॅलरी, १३ ग्रॅम प्रथिने व १४ ग्रॅमहून थोडा अधिक तंतुमय भाग असतो. लाही हलकी असल्याने ३० ग्रॅमांत मोठा वाडगा भरतो आणि त्यातून सुमारे ११५ कॅलरी मिळतात. त्यावर एक लहान चमचा लोणी वा तूप घातल्यास सुमारे ४० कॅलरींची भर पडते. म्हणजेच लाह्या पथ्याच्या की अपथ्याच्या, हे वरून काय घातले यावर अवलंबून आहे. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. चिमूटभर मीठ, हळद, जिरेपूड, मिरपूड किंवा लसणाची कोरडी चटणी यांनी चव उत्तम येते.

विकतच्या मायक्रोवेव्ह पाकिटांविषयी अवास्तव भीती बाळगू नये, पण डोळेही मिटू नयेत. अमेरिकेतील मिसूरी राज्यात अशा लाह्यांच्या एका कारखान्यात काम केलेल्या कामगारांना फुप्फुसाचा गंभीर विकार जडल्याचे सन २००० मध्ये उघडकीस आले. लोण्याचा कृत्रिम स्वाद आणणाऱ्या डायॲसेटिल या द्रव्याची वाफ सतत श्वासावाटे जाण्याशी त्याचा संबंध आढळला. पाकिटांच्या कागदास तेल झिरपू नये म्हणून वापरली जाणारी पीफास वर्गातील रसायने अन्नाच्या वेष्टनांसाठी विकणे उत्पादकांनी तेथे थांबविल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. भारतात खाद्यतेले व मेद यांतील ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी २०२२ पासून शेकडा दोन भाग आहे. पाकीट घ्यावयाचेच झाल्यास त्यावरील मीठ व मेद यांचे आकडे वाचावेत. घरच्या लाह्यांत काय घातले आहे, हे मात्र वाचावे लागत नाही.

मक्याच्या प्रथिनांत लायसिन व ट्रिप्टोफॅन हे घटक कमी असतात. म्हणून नुसत्या लाह्यांपेक्षा त्यांच्यात फुटाणे व भाजलेले शेंगदाणे मिसळावेत. लाह्या-फुटाण्यांची आपली जुनी जोडी आहारशास्त्राच्या दृष्टीनेही योग्यच आहे. चार वर्षांखालील मुलांस मात्र मक्याच्या लाह्या, फुटाणे किंवा अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकून जिवावर बेतू शकते. त्यांच्यासाठी ज्वारीच्या लाह्यांचे बारीक पीठ दुधात किंवा ताकात कालवून द्यावे.

प्रात्यक्षिक करून दाखवावे

हा विषय सांगण्यापेक्षा दाखविण्याचा आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळाच्या अथवा बचत गटाच्या बैठकीत तीन वाट्या दाणे घेऊन जावे: पहिल्या वाटीत उन्हात अतिशय सुकविलेले, दुसऱ्या वाटीत योग्य ओलाव्याचे आणि तिसऱ्या वाटीत नेहमीच्या मक्याचे. तिन्ही वाट्यांतील दाणे सर्वांसमक्ष एकाच कढईत एकापाठोपाठ फोडावेत व गणंग मोजून दाखवावेत. जात, ओलावा व टरफल यांचे महत्त्व पटविण्यास याहून निराळ्या भाषणाची गरज पडणार नाही. त्याच वेळी रंगविलेले बियाणे दाखवून ते खाण्यास का वापरू नये, हेही समजावून सांगावे.

पिकविणाऱ्याने दाणा जपून वाळवावा, गृहिणीने तो हवाबंद डब्यात राखावा आणि मुलांच्या हाती विकतच्या पुडीऐवजी घरच्या लाह्या-फुटाण्यांचा वाडगा द्यावा. यात खर्च थोडा आहे व कष्टही थोडे आहेत. मात्र घरातील पैसा व मुलांचे आरोग्य या दोहोंचेही त्याने रक्षण होईल.