घरची पहिली गाडी (भाग ३) : नवी, जुनी आणि पाणी पाहिलेली

छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली गाडी, ही व्याख्या भारतात रस्त्याने नव्हे, कराने ठरवली. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोलचे १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले आणि कंपन्या मोजपट्टी घेऊन बसल्या. २०१२ मध्ये स्विफ्ट डिझायरची डिकी आखूड झाली ती याच पट्टीसाठी. गाडी मागून भिंतीला लावून दाबल्यासारखी दिसे, पण कर वाचला. जीएसटीतही तीच हद्द राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटावर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो २८ टक्के आणि वर उपकर असा होता. दर खाली येताच अल्टो के-१० चे सर्वांत स्वस्त मॉडेल शोरूमच्या भावाने ४ लाख २३ हजारांवरून ३ लाख ७० हजारांच्या आसपास उतरले. जुन्या गाड्यांच्या बाजारावरही त्याचा परिणाम झाला. तो हिशेब पुढे येतो.

निफाड तालुक्यातल्या सायखेड्यात ही लांबी तशीही पुरते. गावात पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार आहे. लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेतून वाट काढताना चार मीटरसुद्धा जास्त वाटतात. शिवाय गोण्या आणि क्रेट वाहायला पिकअप असतेच. घरची गाडी लागते ती दवाखाना, लग्नकार्य, मुलांचे कॉलेज आणि नाशिकच्या कामांसाठी. म्हणून इथल्या गिऱ्हाइकाला डिकीपेक्षा दोन गोष्टींची चौकशी आधी करावी लागते : ॲव्हरेज आणि जमिनीपासूनची उंची. डांबरी सोडून मळ्यातल्या वस्तीकडे वळले की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. अल्टोची उंची सुमारे १६० मिलिमीटर, वॅगन आरची १६५, क्विडची १८४ आणि टाटा पंचची १८७. आकडे कागदावर जवळजवळ वाटतात, पण पाच माणसे बसून स्प्रिंगा दबल्या की ते वीस मिलिमीटर फार मोलाचे ठरतात.

इंधनाचा प्रश्न पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ मानके लागू झाली तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बनवणे बंद केले, आणि छोट्या गाड्यांतून डिझेल जवळजवळ गेलेच. आता निवड उरते पेट्रोल आणि सीएनजीत. सीएनजीला किलोमीटरमागे खर्च कमी येतो आणि महाराष्ट्रात वाहनकरही पेट्रोलपेक्षा कमी बसतो. मात्र टाकी डिकीतली जागा खाते, आणि दर तीन वर्षांनी तिची दाबचाचणी करून घ्यावी लागते. रोज नाशिकला ये-जा करणाऱ्याला सीएनजी परवडते. आठवड्यातून दोनदा गाडी बाहेर काढणाऱ्याला जादा मोजलेले पैसे वसूल व्हायला वर्षे लागतात.

नव्या गाडीची शोरूम किंमत आणि ऑन रोड किंमत यांतली तफावत घरात बसूनच मांडून पाहावी. शोरूमचा भाव चार लाख धरला, तर वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंत ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ४४ हजार. डिझेल असते तर १३ टक्के. नोंदणी शुल्क ६००, कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १५००. नव्या गाडीला तृतीय पक्ष विमा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. हजार सीसीपर्यंत त्याचा हप्ता ६,५२१ रुपये. वर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा. बेरीज चार लाख साठ-सत्तर हजारांच्या घरात जाते. स्वतःच्या नुकसानीचा विमा सोडला तर हे झाले सक्तीचे. यापुढे कोटेशनच्या कागदावर हाताळणी खर्च, कोटिंग, मॅटिंग अशा ज्या ओळी येतात, त्या ऐच्छिक असतात आणि त्यांवर काट मारता येते. विमाही शोरूमकडूनच घेतला पाहिजे असे कुठे नाही. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याला गिऱ्हाईक रांगेत उभे असते, तेव्हा सूट मागून मिळत नाही. पितृपक्षात शोरूममध्ये शुकशुकाट असतो आणि डिसेंबरात वर्ष बदलायच्या आधी माल काढायचा असतो. ज्याला मुहूर्ताचे बंधन नाही त्याने हे दोन काळ साधावेत. डिसेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत नोंदवली तरी आरसीवर उत्पादनाचा महिना छापून येतो, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक तोच आधी वाचते.

आता जुनी गाडी. विमा कंपन्या गाडीचे मूल्य धरताना सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा कापतात. बाजारभाव याच उतरंडीने चालतो असे नाही. नावाजलेल्या हॅचबॅक तिच्यापेक्षा बऱ्याच वर राहतात. पण दिशा कळते. २०२५ च्या करकपातीने या उतरंडीच्या वरच्या पायऱ्यांना अर्थ उरलेला नाही. ज्याने २०२४ मध्ये जुन्या दराने गाडी घेतली, तो आपली खरेदी डोळ्यांपुढे ठेवून भाव सांगतो. तेवढ्यात तेच मॉडेल नवे, वॉरंटीसकट, थोड्याच जादा पैशांत मिळते. म्हणून वर्ष-दोन वर्षे वापरलेली गाडी हा आज सर्वांत फसवा सौदा आहे. घ्यायची तर नवी घ्यावी, नाहीतर पाच ते सात वर्षांची. पाच-सात वर्षांच्या गाडीचा एकरकमी कर पहिल्या मालकाने भरलेला असतो, राज्यातल्या राज्यात तो पुन्हा लागत नाही, आणि नोंदणीच्या पंधरा वर्षांपैकी निम्म्याहून अधिक काळ हातात राहतो. पंधरा वर्षे उलटलेली गाडी पाऊण लाखात मिळाली तरी तिच्या फेरनोंदणीला पाच हजार शुल्क, पर्यावरण कर आणि तपासणीत निघेल ती दुरुस्ती धरावी.

गोदाकाठी जुन्या गाडीला पहिला प्रश्न विचारायचा तो किलोमीटरचा नाही, पाण्याचा. गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढला की सायखेडा आणि चांदोरी या समोरासमोरच्या गावांत नदी शिरते. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती बाजारपेठेत आली होती. पूर ओसरल्यावर गाडी धुता येते, सीट वाळवता येतात, रंगाला पॉलिश करता येते, आणि दोन महिन्यांत ती कुठल्याही गाडीसारखी दिसू लागते. ती इथेच विकली जाईल असेही नाही. सायखेड्याची गाडी पुण्यात आणि सांगली-कोल्हापूरची गाडी नाशिकमध्ये जाऊ शकते. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या पाऊणपटीपलीकडे गेला की कंपनी ती पूर्ण नुकसान धरते आणि सांगाडा लिलावात जातो. त्यातल्या काही गाड्या उभ्या राहून पुन्हा बाजारात येतात. आरसीवर यातले काहीच उमटत नाही.

पाणी शोधायला मेकॅनिक लागतोच असे नाही. पुढचा सीटबेल्ट हाताने ओढत शेवटापर्यंत बाहेर काढावा. रिळाशी गुंडाळलेला भाग सहसा कोणी धूत नाही. तिथे मळकट आडवी रेघ किंवा वाळलेल्या गाळाची पूड दिसली, तर पाणी किती चढले होते ते कळते. मग डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खळग्याच्या कडा बोटाने पुसून पाहाव्यात. सीटच्या रुळांचे आणि बोल्टांचे डोके गंजलेले आहे का, पायाखालचा गालिचा कोपऱ्यात उचलल्यावर खालचा नमदा दमट लागतो का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का, हे पाहावे. एका सात वर्षांच्या गाडीत चारही सीट-कव्हरे, गालिचा आणि सुगंधाची बाटली नवीकोरी असेल, तर त्या नवेपणाचे कारण विचारावे. शेवटी चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, डॅशबोर्डकडे बघावे. एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांनी विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही, तर बिघाड लपवलेला असण्याची शक्यता अधिक. अनेक छोट्या गाड्यांत एअरबॅगची नियंत्रक पेटी दोन सीटांच्या मधोमध जमिनीलगत असते आणि भिजणाऱ्या भागांत ती पहिल्या रांगेत येते.

ज्यांची गाडी अजून घरचीच आहे त्यांनाही हेच पाणी नडते. बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह आवरला नाही, की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी पिस्टनला दाबता येत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन संरक्षणाची जादा तरतूद घेतलेली नसेल तर साधा सर्वसमावेशक विमा हे नुकसान सहसा नाकारतो. गोदाकाठच्या गाडीला ती तरतूद घ्यावी, मग ॲक्सेसरीज कमी झाल्या तरी चालतील.

अपघाताच्या खुणा त्यामानाने लवकर सापडतात. बॉनेटच्या बिजागरांच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे असतील तर बॉनेट निघालेले आहे. दाराची रबर बीडिंग ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके पाहावेत. कारखान्यातले ठिपके सारख्या अंतरावर आणि गोल असतात, गॅरेजमधले तसे नसतात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात उत्पादनवर्षाची खूण असते, त्यात एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली ते विचारावे. टायरच्या बगलेवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. मीटर मागे फिरवणे अवघड काम नाही, म्हणून आकड्यापेक्षा ब्रेक-पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची झीज खरी धरावी. रोज साठ किलोमीटर ये-जा करणाऱ्या मालकाची गाडी वर्षाला अठरा हजारांच्या आसपास धावते. पाच वर्षांत तिच्या मीटरवर ३५ हजार दिसत असतील तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मागवाव्यात. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. आणि गाडी कांदाचाळीशेजारी उभी राहत असेल तर बॉनेटखालच्या वायरी नीट बघाव्यात. कुरतडलेल्या वायरीवर गुंडाळलेली काळी टेप लांबूनही ओळखू येते.

गाडी चांगली आणि कागद वाईट, असा सौदा सर्वांत महाग पडतो. निफाड तालुक्याची नोंदणी नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, एमएच १५ क्रमांकाखाली होते. एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि बोजा आहे की नाही ते कळते. थकलेली ई-चलने वेगळी तपासावीत. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय विसारापलीकडे रक्कम देऊ नये. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ वर तिथले ना हरकत प्रमाणपत्र लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवलेली नसेल तर तीही बसवावी लागते. कारसाठी ७४५ रुपये आणि वर जीएसटी.

नाशिकहून गुजरात आणि दादरा-नगर हवेली जवळ, त्यामुळे जीजे आणि डीएन पासिंगच्या स्वस्त गाड्या इकडे दिसतात. दिल्लीच्या डिझेल गाड्याही येतात. तिथे दहा वर्षांवरचे डिझेल वाहन रस्त्यावर आणण्यास मनाई झाल्यापासून त्यांचे भाव पडले. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. स्वस्त वाटलेल्या गाडीत हा कर मिळवून मगच इथल्या भावाशी तुलना करावी.

नाव न बदलता सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मवर गाडी फिरत राहणे ही जुनी खोड. सही केलेला फॉर्म २९ एजंटाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि मधल्या काळात गाडी दोन हात बदलते. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. त्यामुळे नाव बदलण्याची घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्याला हवी. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या विक्रीची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते.

पैसे बँकेतून द्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे प्राप्तिकर कायद्याला चालत नाही आणि दंड घेणाऱ्याला बसतो. कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब पुढच्या भागात येईल. विमा गाडीबरोबर येतो, पण १४ दिवसांत कंपनीला कळवून तो नव्या नावावर करून घ्यावा लागतो. विनादावा सवलत मात्र जुन्या मालकाचीच राहते, म्हणून हप्ता थोडा वाढतो. जुना फास्टॅग मालकाकडून बंद करून नवा लावावा, आणि गाडी ताब्यात घेताना दुसरी चावी मागून घ्यावी.